दोनशे दहा मीटरांवरची काकू

आमच्या ओटीवरून मोठ्याने हाक मारली, तर काकूच्या अंगणातला कुत्रा भुंकतो. काकूला मात्र हाक ऐकू जात नाही. दोन घरांमधले अंतर २१० मीटर. गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावात याला कुणी अंतर म्हणत नाही. विरजण मागायला, नारळ पोहोचवायला दिवसातून चार वेळा कुणी ना कुणी पाखाडी उतरतो. रस्त्यालगतचे वरचे घर माझ्या वडिलांनी बांधले. खाली आगरात, पऱ्याच्या कडेला आहे ते मूळ घर. काका गेल्यापासून तिथे काकू एकटी असते. वय ऐंशीच्या पुढे.

जानेवारी २०२३ मध्ये एका रात्री ती न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडली. मोबाइल हाताशी असता तरी उपयोग नव्हता, कारण त्या खळग्यात फोनची रेंज उतरतच नाही. पहाटेपर्यंत ती तशीच गारठ्यात पडून होती. दूध घालणाऱ्या मुलाने सकाळी पाहिले म्हणून कळले. खुबा वाचला, मनगट मोडले. ती पडली तेव्हा आम्ही २१० मीटरांवर गाढ झोपेत होतो, ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही.

पुण्याहून चुलतभाऊ धावत आला. "आई, आता पुरे झालं. माझ्याबरोबर चल," म्हणाला. काकूने प्लास्टरातला हात पदराखाली घेतला आणि विचारले, "पोफळींना पाणी कोण लावील? तू पुण्याहून?" दोन दिवस हा वाद चालला. शेवटी तडजोड निघाली ती अशी, की काकूने इथेच राहावे, पण तिला कधीही फोन करता आला पाहिजे.

आमच्या वरच्या घरी फायबरचे इंटरनेट होते. आणि २०१९ च्या अखेरीपासून आपल्याकडे वायफायवरून साधा फोन लावायची सोय झाली आहे. तशी सोय असलेला स्मार्टफोन घेतला, की मोबाइलची रेंज नसतानाही नेहमीच्याच नंबरावरून बोलता येते. म्हणजे आमचे वायफाय काकूच्या घरात पोहोचले, की झाले! हा "झाले" शब्द किती फसवा असतो, ते पुढच्या पाच महिन्यांत कळले.

पहिला उपाय सर्वांना सुचतो तोच मला सुचला. भिंतीच्या प्लगमध्ये खोचायचा रिपीटर आणला. राउटरने सांगितलेले ऐकायचे आणि पुढे सांगायचे, एवढेच त्याचे काम. तो काकूच्या पडवीत लावला. पण आमचा राउटर माजघरात, मध्ये दीड फुटी चिऱ्याच्या भिंती, पुढे सगळा उतार. जो स्वतःच नीट ऐकत नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार? रिपीटर लावायचा तो जिथे मूळ सिग्नल अजून चांगला आहे तिथे, म्हणजे वाटेत मध्यावर. आमच्या वाटेत मध्यावर सागाची झाडे होती, प्लग नव्हता.

मग वाटले, मोठा, चार शिंगांचा राउटर आणावा. केबलचे काम करणाऱ्या गावातल्या मुलाने मला थांबवले. "काका, राउटर ओरडेल हो जोरात, पण काकूंचा फोन तेवढ्या जोरात उत्तर देणार आहे का?" किती साधी गोष्ट! वायफाय हे रेडिओसारखे एकतर्फी नसते. दोघांनी बोलायचे आणि दोघांनी ऐकायचे असते. त्यात दुबळा असेल त्याच्या आवाजावर सगळे ठरते.

तारेचाही विचार केला. नेटवर्कची नेहमीची तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच भरवशाची. शिवाय कोकणात मेघगर्जनेचे दिवस काय असतात, ते सांगायला नको. दोन घरांमध्ये उघड्यावरून तांबे ताणणे म्हणजे एका घराजवळ पडलेल्या विजेला दुसऱ्या घरात बोलावणे. फायबर हा खरा उत्तम उपाय, कारण काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. ज्यांच्या जागेत माती आहे, चर खणता येतो, त्यांनी खुशाल फायबरच टाकावी. आमच्याकडे मध्ये कातळ, त्याखाली पऱ्या. आणि झाडांवरून ओढावी, तर वानरांचे कळप.

राहिला बिनतारी पूल. दोन्ही घरांवर वहीएवढी एकेक चपटी पेटी बसवायची आणि दोन्ही पेट्या एकमेकींकडे तोंड करून ठेवायच्या. घरातला राउटर म्हणजे उघडा बल्ब; त्याचा उजेड चहूकडे पसरतो आणि अंतर दुप्पट झाले की चौथा हिस्सा उरतो. ही पेटी म्हणजे बॅटरीचा झोत. शक्ती तीच, पण एकाच दिशेला एकवटलेली. खालची पेटी वरचे बोलणे पकडते आणि तारेने काकूच्या घरातल्या छोट्या राउटरला देते. त्यासाठी सरकारी परवान्याची गरज नसते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचा २०१८ मध्ये खुला झाला. अट एवढीच, की ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत राहायचे.

२१० मीटर तिला झेपतील का, अशी मला शंका होती. पण वाचत गेलो तसा थक्क झालो. नेपाळात महाबीर पुन यांनी नांगी या आपल्या डोंगराळ गावाला अशाच बिनतारी दुव्यांनी पोखऱ्याशी जोडले. सुरुवातीला त्यांनी अँटेना चक्क झाडांना बांधले होते. २००७ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. तामिळनाडूत थेनीच्या परिसरात अरविंद नेत्र रुग्णालयाने खेड्यांतली तपासणी केंद्रे लांब पल्ल्याच्या वायफायने जोडली; रुग्ण खेड्यात आणि डॉक्टर शहरात. व्हेनेझुएलात तर २००७ मध्ये दोन डोंगरमाथ्यांमध्ये ३८२ किलोमीटरवर वायफायचा दुवा जुळवून दाखवला गेला. यातून एक कळले. या लहरींना अंतराचे भय नाही, अडथळ्याचे आहे.

फेब्रुवारीत आम्ही पेट्या बसवल्या. आमची ओटीवरच्या पत्र्याला, काकूची पडवीच्या वाशाला. पेट्या, तारा, राउटर, खांब सगळे धरून खर्च बारा हजारांच्या आत. संध्याकाळी काकूने पुण्याला पहिला व्हिडिओ फोन लावला. नातीने आजी दिसताच किंकाळी फोडली. मी पेढे वाटले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि दुवा मेला. एखादे मिनिट जुळे, पुन्हा तुटे. पेट्या उघडल्या, तारा बदलल्या, शिव्या घातल्या. केबलवाला मुलगा आला, ओटीवर उभा राहिला आणि नुसते बोट दाखवून म्हणाला, "काका, फेब्रुवारीत इथून पडवी दिसत होती ना?"

फेब्रुवारीत साग निष्पर्ण असतो. पहिल्या पावसाबरोबर त्याला सुपाएवढी पाने फुटतात. पाने म्हणजे पाणी, त्यावर पुन्हा पावसाचे पाणी. आणि पाणी या लहरी शोषून घेते. त्यातही गंमत अशी की, दोन टोके एकमेकांना दिसली म्हणजे पुरते असे नाही. लहर दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही; मध्यावर ती पोट फुगलेल्या विड्याच्या आकाराची जागा घेते. तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. आमच्या अंतराला मध्यावर तिची त्रिज्या सुमारे पावणेदोन मीटर येते, आणि तिचा निम्म्याहून अधिक भाग तरी मोकळा हवा. आमच्या विड्यात सागाची पाने भरली होती.

चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "चार झाडं तोडून टाक. मी सांगतो." झाडे काकांनी स्वतः लावलेली. मी खाली जाऊन चाचरत विषय काढला. काकू सुपारी कातरत होती. तिने वरही पाहिले नाही.

"झाडं कशाला तोडायची? तुमच्या माडीच्या उत्तरेच्या खिडकीतून लाव की. तिथला दिवा मला आमच्या माळ्याच्या झरोक्यातून श्रावणातसुद्धा दिसतो."

"तुला कसं ठाऊक?"

"रोज बघत्ये. दहाला मालवता. परवा साडेअकरापर्यंत जळत होता, तेव्हा म्हटलं सूनबाईला बरं नाही वाटतं."

खरेच त्या रात्री माझ्या पत्नीला ताप होता. काका गेल्यापासून ही बाई रोज निजण्याआधी माळ्याचा जिना चढून आमची खिडकी बघत होती. आणि तिचा दिवा केव्हा मालवतो, हे आम्हाला कुणालाच सांगता आले नसते.

त्या रात्री तिला जिना चढू दिला नाही. मी स्वतः झरोक्याशी बॅटरी धरून बसलो आणि पत्नी आमच्या माडीवर उभी राहिली. सागाच्या शेंड्यांवरून तिचा झोत स्वच्छ दिसला. दुसऱ्या दिवशी पेट्या तिथे हलवल्या. एकाही झाडाला कोयता लागला नाही, आणि त्यानंतर पानांमुळे दुवा कधी तुटला नाही.

बाकीच्या खोडी सांगतो, म्हणजे कुणाला उपयोग होईल. वीज गेली की सगळेच बंद पडते, म्हणून दोन्हीकडे राउटरसाठी मिळणारी छोटी बॅटरी बसवली. ती तीन-चार तास चालते. बाहेरच्या खांबांना अर्थिंग दिले. गडगडाट जवळ आला की प्लग काढून ठेवतो. वादळात दोन दिवस वीज नसली, की पुन्हा पाखाडी आणि आपले पाय. यंत्राने माणसाचे खाली जाणे वाचत नाही, हेही मला आता पटले आहे. रात्री सोबतीला शेजारची एक बाई काकूकडे निजायला येते.

जिना आता काकूला बंद केला आहे. म्हणून तिने नवा नेम धरला. रात्री दहाला आमचा फोन वाजतो. "निजलात का रे?" एवढेच विचारते. गेल्या गणपतीत दमून आम्ही नऊलाच झोपलो आणि फोन खालीच राहिला. तो वाजत राहिला. साडेदहाला दारावर थाप पडली. पाहतो तो काकूची सोबतीण, हातात बॅटरी, धापा टाकत उभी.

"काकूंनी पाठवलंन. तुम्ही फोन घेत नाही, बरं आहे ना विचार म्हणाल्या."