बांधीतील रंगमंच

धानाची कापणी आटोपली की ब्रह्मपुरी परिसरातील मोकळ्या बांध्यांत रंगमंच उभे राहू लागतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील ही झाडीपट्टी रंगभूमी दंडारीसारख्या लोककलांशी नाते सांगते. तिचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली.

वैनगंगेपलीकडील वडसा येथे नाट्यमंडळांची कार्यालये आहेत. मात्र जागा, मंडप व तिकीटविक्री गावचे मंडळच पाहते. मंडईनिमित्त लेकी-जावई, सोयरे घरोघरी उतरतात. रात्रभर नाटक चालते आणि, जाणकार सांगतात, सोयरिकीही जुळतात! तिकिटे खपली तर शिल्लक गावाची; अवकाळी पावसाने प्रेक्षक फिरकले नाहीत, तर नाट्यमंडळाशी ठरलेली रक्कम गावच्या तरुणांना पदरमोड करून भागवावी लागते. ग्रामपंचायतीने निदान जागा व पाण्याची सोय करून द्यावी, एवढीच त्यांची अपेक्षा असते.