संख्याशास्त्राची पदवी : आकड्यांची पारख शिकविणारी विद्या

देशातील बेरोजगारीचा दर, महागाईचा निर्देशांक, भाताचे हेक्टरी उत्पादन, बालमृत्यूचे प्रमाण हे आकडे वृत्तपत्रांतून आणि स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांतून सतत भेटतात. हे आकडे कोणी एका ठिकाणी बसून मोजलेले नसतात. 140 कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात प्रत्येक कुटुंबाला दर महिन्याला रोजगाराविषयी किंवा खर्चाविषयी विचारणे शक्य नाही. म्हणून काही निवडक कुटुंबांकडून माहिती घेतली जाते व तिच्या आधारे संपूर्ण देशाविषयी अनुमान काढले जाते. असे अनुमान कितपत विश्वासार्ह मानावे, हा विकास नियोजनातील मूलभूत प्रश्न आहे. या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर देणारी विद्याशाखा म्हणजे संख्याशास्त्र, अर्थात सांख्यिकी.

संख्याशास्त्राची पदवी ही गणिताच्या पदवीचीच एक पोटशाखा आहे, असा समज विद्यार्थ्यांमध्ये आढळतो. गणित हा या शास्त्राचा पाया आहे यात शंका नाही. तथापि, भारतातील संख्याशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण नद्यांचे पूर, तागाची शेते आणि ग्रामीण कुटुंबांच्या पाहण्या यांतून घडले. या शिक्षणाचे खरे मूल्य समजून घेण्यासाठी ही पार्श्वभूमी लक्षात घेणे आवश्यक आहे.

शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे मराठीत म्हटले जाते. नमुना पाहणीचे तत्त्व नेमके हेच आहे. मात्र भात सर्वत्र सारखा शिजला असेल तरच एका शितावरून काढलेला निष्कर्ष खरा ठरतो. समाज असा एकसारखा नसतो. शहर व खेडे, बागायती व कोरडवाहू, जमीनदार व भूमिहीन असे अनेक स्तर त्यात असतात. म्हणून शिते कोठून, किती आणि कोणत्या पद्धतीने उचलावीत, याचे नियम ठरवावे लागतात. प्रत्येक घटकाला निवडले जाण्याची ज्ञात संधी देणारी यादृच्छिक निवड आणि समाजाचे स्तर पाडून प्रत्येक स्तरातून केलेली निवड ही त्यातील प्रमुख साधने होत.

येथे एक बाब विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. साध्या यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या 400 व्यक्तींच्या नमुन्यावरून एखादे प्रमाण काढल्यास 95 टक्के विश्वासपातळीला त्यातील चूक साधारणपणे 5 टक्के बिंदूंच्या आत राहते. ही चूक निम्म्यावर, म्हणजे 2.5 टक्के बिंदूंवर आणावयाची असल्यास नमुना दुप्पट करून भागत नाही. तो चौपट, म्हणजे 1600 करावा लागतो. कारण चूक नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. लोकसंख्या नमुन्याच्या तुलनेत बरीच मोठी असेल तर ती एक लाख आहे की एक कोटी, याने या हिशेबात फारसा फरक पडत नाही. पाहणीवरील खर्च आणि अचूकता यांचा मेळ घालण्याचा निर्णय अशा गणितावर अवलंबून असतो.

प्रयोगशाळेतून विद्यापीठाकडे

भारतातील संख्याशास्त्राच्या विकासाचे श्रेय प्रामुख्याने प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांना दिले जाते. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. 1922 मध्ये उत्तर बंगालमध्ये आलेल्या महापुरानंतर पाणी अडविण्यासाठी खर्चिक जलाशय बांधण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. महालनोबिस यांनी सुमारे 50 वर्षांच्या पाऊस व पुरांच्या नोंदींचे विश्लेषण केले. असे जलाशय उपयोगी पडणार नाहीत, खरी गरज पाण्याचा निचरा जलद होण्याची आहे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. सार्वजनिक खर्चाचा निर्णय आकडेवारीच्या अभ्यासाने कसा बदलू शकतो, याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

त्यांच्या पुढाकाराने डिसेंबर 1931 मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना झाली आणि 1933 मध्ये ‘संख्या’ हे नियतकालिक सुरू झाले. 1937 पासून संस्थेने बंगालमधील तागाच्या क्षेत्राच्या नमुना पाहण्या हाती घेतल्या. या कामासाठी प्रशिक्षित मनुष्यबळाची गरज भासू लागली आणि त्या गरजेतूनच औपचारिक शिक्षणाला चालना मिळाली. 1941 मध्ये कलकत्ता विद्यापीठात संख्याशास्त्राचा पदव्युत्तर विभाग सुरू झाला. देशातील हा पहिला विभाग होय.

याच विभागातून 1943 मध्ये एम. ए. झालेले सी. आर. राव यांनी 1945 मध्ये, वयाच्या पंचविशीत, प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातून क्रॅमर-राव असमानता आणि राव-ब्लॅकवेल प्रमेय या जगभर शिकविल्या जाणाऱ्या संकल्पना पुढे आल्या. 2023 मध्ये त्यांना संख्याशास्त्रातील आंतरराष्ट्रीय पारितोषिक देण्यात आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठात 1948 मध्ये व पुणे विद्यापीठात 1953 मध्ये संख्याशास्त्र विभाग स्थापन झाले. पुण्याच्या विभागाचे संस्थापक प्रमुख प्रा. व्ही. एस. हुजूरबाजार हे मूळचे कोल्हापूरचे होत. 1974 मध्ये त्यांना पद्मभूषण सन्मान देण्यात आला. संसदेने 1959 मध्ये केलेल्या कायद्याने भारतीय सांख्यिकी संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता दिली व पदव्या प्रदान करण्याचा अधिकार दिला. त्यानुसार 1960 मध्ये तेथे बी. स्टॅट. व एम. स्टॅट. हे अभ्यासक्रम सुरू झाले.

शेतातील वाद आणि त्याचा धडा

पुस्तकातील सूत्र आणि शेतातील वस्तुस्थिती यांचे नाते 1940 च्या दशकातील एका वादातून स्पष्ट होते. पिकाचे उत्पादन अंदाजण्यासाठी शेतातील निवडलेल्या लहान तुकड्यावरील पीक कापून त्याचे वजन केले जाते. यालाच पीक कापणी प्रयोग म्हणतात. महालनोबिस यांचा कल अतिशय लहान वर्तुळाकार तुकडे घेण्याकडे होता. तुकडा लहान असल्याने काम लवकर व कमी खर्चात होते आणि तेवढ्याच पैशात अधिक ठिकाणी प्रयोग करता येतात.

सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी या पद्धतीवर आक्षेप घेतला. तुकड्याच्या सीमेवर उभी असलेली रोपे आत धरावीत की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणी करणाऱ्याचा कल ती आत धरण्याकडे असतो. वर्तुळाची त्रिज्या निम्मी केल्यास क्षेत्रफळाच्या तुलनेत परिघाचे प्रमाण दुप्पट होते. साहजिकच तुकडा जितका लहान, तितका सीमेवरील रोपांचा प्रभाव मोठा आणि उत्पादनाचा अंदाज वाढीव येण्याचा संभव अधिक. म्हणून मोठे तुकडे घ्यावेत, अशी त्यांची भूमिका होती.

या वादाचा धडा असा की चुका दोन प्रकारच्या असतात. नमुना निवडीमुळे उद्भवणारी चूक नमुना वाढविला की घटते. परंतु मोजणीच्या पद्धतीतील कल नमुना कितीही वाढविला तरी कायम राहतो. ही चूक शोधण्यासाठी महालनोबिस यांनीही एक प्रभावी युक्ती योजली होती. एकाच क्षेत्राचे दोन स्वतंत्र उपनमुने दोन वेगळ्या पथकांकडून तपासून घ्यावयाचे. दोन्ही निष्कर्षांतील तफावत प्रमाणाबाहेर असेल तर कामात कोठेतरी त्रुटी आहे, असे समजावे.

हा विषय केवळ इतिहासाचा नाही. 2016 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत विमा क्षेत्रातील सरासरी उत्पादन ठरविण्यासाठी प्रामुख्याने पीक कापणी प्रयोगांचा आधार घेतला जातो. ते उंबरठा उत्पादनापेक्षा कमी भरल्यास शेतकरी भरपाईस पात्र ठरतात. कापणीच्या तुकड्याची आखणी चुकून उत्पादन वाढीव दिसले, तर त्याचा थेट फटका नुकसान सोसलेल्या शेतकऱ्याला बसतो.

पदवी अभ्यासक्रमाचे स्वरूप

विद्यापीठांतील संख्याशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाचे साधारणतः चार स्तंभ असतात. पहिला स्तंभ गणिताचा असून त्यात कलनशास्त्र व बीजगणित यांचा समावेश होतो. दुसरा स्तंभ संभाव्यता सिद्धांताचा व तिसरा अनुमानशास्त्राचा. अज्ञात मूल्यांचे आकलन, गृहीतकांची चाचणी व समाश्रयण हे विषय तिसऱ्या स्तंभात येतात. चौथा स्तंभ उपयोजनाचा आहे. नमुना पाहणी, प्रयोगांची आखणी, निर्देशांक, कालश्रेणी, लोकसंख्याविषयक आकडेवारी, गुणवत्ता नियंत्रण आणि संगणकीय विश्लेषण हे त्याचे घटक होत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी 120 व चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी 160 श्रेयांक निश्चित करण्यात आले आहेत. चौथ्या वर्षातील संशोधन प्रकल्पाची तरतूद संख्याशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. प्रश्नावली तयार करणे, प्रत्यक्ष घरोघरी जाऊन माहिती गोळा करणे आणि अपूर्ण उत्तरांचे काय करावयाचे याचा निर्णय घेणे, हे शिक्षण तयार आकड्यांची उदाहरणे सोडवून मिळत नाही.

विशेष क्षेत्रांसाठी स्वतंत्र संस्थाही आहेत. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेत भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या सहकार्याने 1964 पासून कृषी सांख्यिकीचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाऊ लागले. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था 1956 मध्ये स्थापन झाली असून 1985 मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची समन्वयक संस्था म्हणून ती परिचित आहे. या पाहणीची पहिली फेरी 1992-93 मध्ये झाली.

शासकीय सांख्यिकी व्यवस्था आणि संधी

राष्ट्रीय नमुना पाहणीचा प्रारंभ 1950 मध्ये झाला व त्यानंतर 1951 मध्ये केंद्रीय सांख्यिकी संघटना अस्तित्वात आली. भारतीय सांख्यिकी सेवेची स्थापना 1 नोव्हेंबर 1961 रोजी झाली. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 2001 मध्ये सादर केलेल्या अहवालात शासकीय आकडेवारीतील उणिवांवर बोट ठेवले व स्थायी स्वरूपाच्या आयोगाची शिफारस केली. त्यानुसार राष्ट्रीय सांख्यिकी आयोग जुलै 2006 पासून कार्यरत झाला. महालनोबिस यांचा जन्मदिन, 29 जून, हा 2007 पासून सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. 2019 मध्ये केंद्रीय सांख्यिकी व नमुना पाहणी या दोन्ही यंत्रणांचे एकत्रीकरण करून राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय निर्माण करण्यात आले.

भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा संघ लोकसेवा आयोगामार्फत घेतली जाते. संख्याशास्त्र हा एक विषय असलेली पदवी वा या विषयातील पदव्युत्तर पदवी धारण करणारे उमेदवार तिला बसू शकतात. सामान्य इंग्रजी, सामान्य अध्ययन व संख्याशास्त्राच्या चार प्रश्नपत्रिका आणि त्यानंतर मुलाखत, असे तिचे स्वरूप आहे. संख्याशास्त्राच्या पहिल्या दोन प्रश्नपत्रिका वस्तुनिष्ठ, तर उर्वरित दोन वर्णनात्मक असतात. याखेरीज कर्मचारी निवड आयोगामार्फत भरली जाणारी कनिष्ठ सांख्यिकी अधिकाऱ्यांची पदे, रिझर्व्ह बँकेचा सांख्यिकी विभाग आणि राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय येथेही या पदवीधरांना संधी असतात.

विपुल माहिती, जुनाच प्रश्न

आज माहितीचा तुटवडा राहिलेला नाही. भ्रमणध्वनी, बँक व्यवहार व उपग्रह यांतून प्रचंड माहिती गोळा होते आणि तिच्या विश्लेषणासाठी डेटा सायन्सचे अभ्यासक्रम ठिकठिकाणी सुरू झाले आहेत. परंतु साठा मोठा असला म्हणजे निष्कर्ष बरोबर असतोच असे नाही. 1936 च्या अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या आणि वीस लाखांहून अधिक उत्तरे मिळविली. तरीही त्यांचे भाकीत साफ चुकले व रूझवेल्ट प्रचंड मतांनी विजयी झाले. ज्यांच्याकडे दूरध्वनी वा मोटारी होत्या अशा वर्गातून नावे प्रामुख्याने घेतली गेली होती आणि उत्तर पाठविणाऱ्यांचा कलही सर्वसामान्य मतदारांपेक्षा वेगळा होता. त्याच वेळी कितीतरी लहान नमुना घेणाऱ्या गॅलप यांनी विजेता अचूक सांगितला.

स्मार्टफोनवरून गोळा केलेल्या माहितीवरून ग्रामीण भारताचे चित्र रेखाटताना नेमका हाच धोका संभवतो. ज्यांच्या हाती फोन नाही, ते आकड्यांतून गळतात आणि आकड्यांतून गळलेले पुढे योजनांतूनही वगळले जाण्याची भीती असते. संगणक विश्लेषणाचे काम वेगाने करतो. परंतु आकड्यांत कोणाची नोंद झालेली नाही, हा प्रश्न अभ्यासकालाच विचारावा लागतो.

विद्यापीठांसमोरील आव्हान म्हणूनच दुहेरी आहे. नवे संगणकीय तंत्र आत्मसात करणे अपरिहार्य आहे; पण त्यासाठी नमुना पाहणी, प्रयोगांची आखणी आणि क्षेत्रकार्य यांना अभ्यासक्रमात दुय्यम स्थान मिळता कामा नये. आकडा कोठून आला, तो कोणी व कसा मोजला आणि त्यात चूक किती असू शकते, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय ही या पदवीची खरी कमाई होय. प्रशासनात प्रवेश करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने संख्याशास्त्राची पदवी घेतलेली असो वा नसो, ही सवय अंगी बाणविणे त्याच्या भावी जबाबदारीच्या दृष्टीने आवश्यक ठरते.