मावशी, मला इंटर्न कर ना!

दहावीची परीक्षा संपली की आपण काय करायचो? जरा आठवून बघा. पहिले चार दिवस नुसत्या झोपा. मग आईच्या आग्रहाखातर एमएससीआयटी नाहीतर टायपिंग. मग मामाकडे आंबे, दुपारी पत्ते, रात्री गच्चीवर गाद्या. सुट्टीत काय केलंस, असं कुणी विचारायचं नाही. विचारलंच तर 'दोन किलो वाढले' हे प्रामाणिक उत्तर तयार असायचं.

आता तसं नाही राहिलं, बॉस!

गेल्या एप्रिलमध्ये ठाण्याहून ताईचा फोन आला. "अगं, हिला मे महिन्यात तुमच्या ऑफिसात पंधरा दिवस लावून दे ना. इंटर्न म्हणून." 'हिला' म्हणजे माझी भाची. वय वर्षं सोळा, दहावी नुकतीच दिलेली, बारावीनंतर अमेरिकेला जायचं हे ठरलेलं. (कुणी ठरवलं ते विचारू नका.)

"ती काय करणार इन्शुरन्स कंपनीत?" मी.

"काही का करेना! सर्टिफिकेट मिळेल ना?"

फंडा असा होता. ताईनं एक काउन्सेलर गाठला होता आणि त्यानं भाचीची एक एक्सेल शीट बनवली होती. शीटमध्ये दहा ओळी. का दहा? तर अमेरिकेतली शेकडो कॉलेजं ज्या 'कॉमन अ‍ॅप'वर अर्ज घेतात, त्यात अभ्यासाव्यतिरिक्त काय काय केलं हे सांगायला दहाच रकाने असतात. प्रत्येक रकान्यात वर्णनाला १५० अक्षरं, स्पेस धरून. भाचीच्या चार ओळी भरल्या होत्या. कथक, बास्केटबॉल, वृक्षारोपण, पुन्हा वृक्षारोपण. पाचव्या ओळीत लिहिलं होतं 'कॉर्पोरेट इंटर्नशिप', आणि तिथं मावशीची गरज होती.

आमच्या एचआरनं दोनच प्रश्न विचारले. वय काय आणि कुणाची कोण? सोळा म्हटल्यावर तिनं निःश्वास टाकला. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आहे, चौदा ते अठरामधल्यांना धोक्याच्या कामावर. आमच्याकडे धोका फक्त कँटीनच्या सांबारचा. बॉस म्हणाला, "तुझी भाची? येऊ दे की." झालं, पॉलिसी वगैरे काही नाही. गळ्यात 'व्हिजिटर'चं कार्ड अडकवून आमची इंटर्न हजर!

ऑब्झर्व्ह कर हं!

पहिला आठवडा कसा गेला ते सांगायची मला लाज वाटते. क्वार्टरचे आकडे डोक्यावर होते. मी तिला माझ्या शेजारची रिकामी खुर्ची दिली आणि म्हटलं, "तू ऑब्झर्व्ह कर." खरा अर्थ होता, मला त्रास देऊ नकोस. मग दुसऱ्या दिवशी पीपीटीतले आयकॉन एका रेषेत आणायला दिले. तिनं ते वीस मिनिटांत आणले. बुधवारपर्यंत तिला कॉफी मशीनची खोड, वायफायचा पासवर्ड आणि कोणाचं कोणाशी पटत नाही हे सगळं माहीत झालं होतं. गुरुवारी ती मोबाइल बघत बसली होती आणि मला बरं वाटलं, कारण ती गप्प होती.

संध्याकाळी करी रोडहून स्लो लोकल पकडली. दादर गेल्यावर तिनं विचारलं, "मावशी, तू दिवसभर नक्की काय करतेस?"

दहा वर्षं झाली मला नोकरीला. कुर्ला येईपर्यंत उत्तर शोधत होते.

त्या रात्री मी नेटवर बसले. शाळकरी मुलांसाठी बाजारात काय काय आहे बघू तरी. डोकं गरगरलं! घरबसल्या 'रिसर्च', परदेशी विद्यापीठाच्या आवारात दोन आठवडे, शेवटी सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट. फी बघून माझ्या होमलोनचा हप्ता गरीब वाटायला लागला. गंमत म्हणजे ज्यांचं खरंच नाव आहे, त्यातली कितीतरी फुकट आहेत. एमआयटीत भरणारं 'रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट' १९८४ साली सुरू झालं, सहा आठवडे चालतं आणि निवड झालेल्यांकडून शिकवण्याची आणि राहण्याची फी घेत नाही. इतकं लांब कशाला? मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टीआयएफआरचं. ऑलिम्पियाडच्या परीक्षांची चाळण पार करून येणाऱ्या मुलांची शिबिरं तिथं होतात, राहण्या-जेवणाचा खर्च केंद्र करतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये खगोलशास्त्राचं आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड मुंबईतच झालं. जगभरची पोरं इथं आली होती. आम्ही तेव्हा ट्रॅफिकला शिव्या घालत होतो. इस्रोनंही २०१९ पासून नववीच्या मुलांसाठी 'युविका' सुरू केलं. उन्हाळ्यात साधारण दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहायचं, शास्त्रज्ञांना भेटायचं, आणि सगळा खर्च इस्रोचा. गावातल्या शाळेत शिकणाऱ्याला निवडीत वेगळे गुण मिळतात.

म्हणजे ज्यात निवड कठीण तिथं पैसे लागत नाहीत, आणि जिथं पैसे लागतात तिथं निवड... असो. माझं प्रकरण तर तिसऱ्याच जातीचं होतं. तिथं पैसेही नव्हते, निवडही नव्हती. नुसती मावशी होती.

वाकडा पाय

शुक्रवारी लंचला मी हे सगळं बडबडले. आमच्या टीममधला एकजण शिरूर तालुक्यातला आहे. डबा खाता खाता तो म्हणाला, "मॅडम, तिला खरं काम द्या की. बिघडलं तर बिघडेल."

तो पाबळच्या बाजूच्या शाळेत शिकला. पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतून पीएचडी करून आलेले शास्त्रज्ञ. हिंदुस्तान लिव्हरमधली चांगली नोकरी सोडून १९८३ मध्ये ते तिथं गेले आणि हातानं काम करत शिकायची शाळा सुरू केली. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय मग कितीतरी शाळांमध्ये गेला. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातून एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण, रक्तगट तपासणी असलं काहीबाही शिकतात आणि शिकलेलं गावात वापरतात. (२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराशिवाय सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावं असं म्हटलंय. पाबळवाले ऐकून हसले असतील.)

"नववीत आम्ही शाळेचं सायकल स्टँड केलं," तो म्हणाला. "एक पाय माझ्याकडून वाकडा बसला. सरांनी बदलला नाही. दहावी संपेपर्यंत रोज सायकल लावताना तो मला दिसायचा. सर्टिफिकेट कुठंय माहीत नाही, पाय आठवतो."

मला माझ्या पीपीटीतले एका रेषेतले आयकॉन आठवले. ते कुणालाच दिसले नव्हते.

आमच्या डिपार्टमेंटला कॉल सेंटरकडून तक्रारींची शीट येते. इंग्रजीतले शेरे आपोआप गटांत पडतात. मराठीतले, म्हणजे इंग्रजी लिपीत टाइप केलेले 'aajobancha paise kaple' छाप शेरे देवनागरीत वाचावे तसे डोळे ताणून वाचावे लागतात, आणि ते सरळ 'इतर' या गटात जातात. तिथंच मरतात. शुक्रवारी दुपारी मी तिला ती 'इतर'ची शीट दिली. ३१२ ओळी. "वाच, आणि मला सांग लोक कशावर चिडलेत."

मोबाइल बॅगेत गेला तो सोमवारपर्यंत बाहेर आला नाही. शनिवार-रविवार घरी बसून तिनं वाचलं. सोमवारी सकाळी लोकलमध्ये ती इतकी उत्तेजित होती की शेजारच्या बाईनं सरकून जागा दिली. मुद्दा असा होता, की रिन्यूअलचा मेसेज इंग्रजीत जातो, त्यात लिंक असते, आणि म्हाताऱ्या माणसांना ती लिंक फसवणुकीची वाटते. पेपरात रोज वाचतात ना बिचारे. म्हणून ते पैसे भरत नाहीत आणि पॉलिसी बंद पडते. "असे ७४ जण आहेत, मावशी!"

सही! मी ती स्लाइड अकराच्या मीटिंगमध्ये टाकली. मोठ्या अक्षरात ७४. भाचीला मागच्या खुर्चीवर बसवलं.

ऑपरेशन्सच्या माणसानं लॅपटॉपवर काहीतरी खटखट केलं आणि म्हणाला, "फोन ७४ आहेत. माणसं ३१. पॉलिसी नंबर रिपीट होतायत." खोलीत शांतता. सगळे माझ्याकडे बघतायत. बॉसची भुवई वर.

आणि मी म्हणाले, "ते... इंटर्ननं केलंय."

हो, म्हणाले. मागच्या खुर्चीवर ती बसलेली असताना. डुप्लिकेट काढायचे असतात हे मी तिला सांगितलं नव्हतं, आणि स्लाइड टाकण्यापूर्वी मी काहीही तपासलं नव्हतं. माझ्या दहा वर्षांच्या अनुभवाचा उपयोग मी कशासाठी केला, तर सोळा वर्षांच्या पोरीच्या मागे लपण्यासाठी.

मीटिंगनंतर ती जिन्यात सापडली. रडली नव्हती, पण नाक लाल होतं. मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "माझंच चुकलं ना पण." मी म्हटलं, "तुझं मोजायला चुकलं. बाकीचं माझं चुकलं." मग आम्ही दोघी जागेवर बसलो आणि मी तिला पॉलिसी नंबरवरून डुप्लिकेट कसे शोधायचे ते दाखवलं. पंधरा दिवसांत मी तिला पहिल्यांदा शिकवत होते!

पाच वाजता ती शीट घेऊन परत आली. ३१ बरोबर होते. पण तिनं डुप्लिकेट पुसून टाकले नव्हते, प्रत्येकापुढे फोनची संख्या लिहिली होती. कऱ्हाडच्या एका आजोबांपुढे ११.

"अकरा वेळा फोन केला म्हणजे अकरा वेळा कुणी ऐकलं नाही ना, मावशी?"

आमच्या शीटमध्ये हा रकाना कधीच नव्हता. आता आहे. पुढच्या मीटिंगला मी तो दाखवला, कुणी काढला ते सांगितलं आणि आधीची चूक माझी होती हेही सांगितलं. बॉसनं मान डोलावली आणि पुढच्या स्लाइडवर गेला. मराठीतून मेसेज पाठवायचा प्रस्ताव 'विचाराधीन' आहे. इन्शुरन्स कंपनी आहे, घाई नसते.

आणि ते सर्टिफिकेट

शेवटच्या दिवशी ताईनं मजकूरच पाठवला, काउन्सेलरनं लिहून दिलेला. त्यात भाचीनं 'टीमचं नेतृत्व' केलं होतं आणि 'ग्राहक धोरण आखलं' होतं. मला फक्त सही करायची होती. खरं सांगते, पेन हातात घेतलं होतं. एक सही, त्यात काय? आपण सगळेच करतो. कलीगच्या पुतण्याला, बॉसच्या मित्राच्या मुलाला. पोरगं तीन दिवस आलेलं असतं, आपण महिना लिहितो.

मग मी दुसरं पत्र लिहिलं. हिनं ३१२ मराठी शेरे वाचले, गटवार लावले, मोजताना एकदा चुकली, त्याच दिवशी स्वतः दुरुस्त केलं आणि आमच्या लक्षात न आलेली एक गोष्ट दाखवली. सही, शिक्का.

ताई भडकली. "हे चुकली-बिकली कशाला लिहिलंस? कोण लिहितं असं? स्वतःच्या भाचीबद्दल?" गणपतीपर्यंत ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मोदक मात्र पाठवले.

या सगळ्यात एक गोष्ट राहिली. पँट्रीतले काका भाचीला रोज चहा द्यायचे. ती गेल्यावर आठवड्यानं त्यांनी विचारलं, "मॅडम, माझा मुलगा नववीत गेलाय. हुशार आहे. त्याला पण येता येईल का, पंधरा दिवस, दिवाळीच्या सुट्टीत?" मी एचआरला मेल टाकला. उत्तर आलं की शालेय विद्यार्थ्यांसाठी आपली पॉलिसी नाही. मी परत लिहिलं, मेमध्ये तर एक येऊन गेली! त्यावर उत्तर आलं, 'विल चेक'. दिवाळी होऊन गेली. दोनदा आठवण केली. काकांनी परत विचारलं नाही, मीच त्यांना 'युविका'बद्दल सांगितलं आणि मुलाची आठवीची मार्कशीट जपून ठेवायला लावली. पण ते इस्रोचं झालं. आमच्या ऑफिसचं काय, ते मी अजून त्यांना सांगू शकलेले नाही. चहा घेताना नजर चुकवते.

भाची परवा घरी आली होती, लॅपटॉप घेऊन. एक्सेलची पाचवी ओळ भरायची होती. काउन्सेलरनं लिहिलेलं 'नेतृत्व' तिनं खोडलं होतं आणि मोजताना झालेली चूक, ३१ माणसं आणि कऱ्हाडचे आजोबा हे सगळं इंग्रजीत कोंबून बसवत होती. १६३ अक्षरं होत होती. "आजोबा काढू?" मी विचारलं.

"छे!" ती म्हणाली आणि कंपनीचं नाव खोडलं.