सिमेंटचं गाव

कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला गेलेल्या परभणीकरानं आणखी अर्धा दिवस काढावा आणि शहराबाहेर कणेरी मठावर जावं. तिथल्या सिद्धगिरी म्युझियममध्ये सिमेंटचं एक अख्खं गाव मांडलंय. न्हावी हजामत करतोय, कुंभार चाकापाशी बसलाय, विहिरीवर मोट आहे. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, सगळे आपापल्या कामात. आणि कुणीच हलत नाही.

मराठवाड्याचा माणूस रेंगाळायचा तो घाण्यापाशी. बैल गोल फिरे, तशी उखळीत लाट फिरे. दाणा भरडून पेंड मागे राही नि तेल खाली पाझरे. आपल्याकडे ते तेल करडईचं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं करडईच्या एका वाणाला ‘परभणी कुसुम’ असंच नाव दिलंय. वाण शेतात आहे, बैलघाणा मात्र बघायला कोल्हापूर गाठावं लागतं.

रोजचं जगणं असं मांडून दाखवण्याची हौस जुनी. स्टॉकहोमचं स्कान्सेन हे संग्रहालय १८९१ सालचं. इंग्लंडात यॉर्कला १९३८ साली व्हिक्टोरिया राणीच्या काळातला दुकानांचा एक रस्ताच छपराखाली उभा राहिला. खेड्यापाड्यांत डॉक्टरकी करणाऱ्या जॉन कर्क यांनी आयुष्यभर जमवलेल्या जुन्या वस्तू त्यात मांडल्या होत्या. आपल्या पुण्यात त्याच सुमारास दिनकर केळकर हे चष्म्यांचे व्यापारी अडकित्ते आणि दिवे गोळा करत गावोगाव हिंडत होते. दोघांनाही लोकांनी आधी वेड्यात काढलं असेल, तर नवल नाही.

कणेरीचं गाव मात्र जरा जास्तच गुण्यागोविंदानं नांदतं. बलुत्यावर राबणाऱ्यांत महारही होता, आणि महार वतनाच्या जोखडातून त्याला सोडवण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं होतं. पुतळ्यांचे हसरे चेहरे बघून याचा पत्ता लागत नाही. यॉर्कच्या रस्त्याला पुढे गरिबांची एक बोळही जोडण्यात आली. तसं काही इथंही हवं.

परभणी जिल्ह्यात असं म्युझियम उभं राहील तेव्हा राहो. गंगाखेड तर जनाबाईचं गाव, म्हणजे जात्याचा मान आपलाच. तेव्हा अडगळीतलं जातं उकिरड्यावर टाकण्याआधी घरातल्या आजीला एकदा विचारून घ्या: त्याला टाकी लावायला कोण यायचं, आणि त्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेत होते का?