संजय बेलट्ठपुत्त : नकार नेमका कशाला?

‘पाखंड’ हा शब्द आज आपण निंदेनेच उच्चारतो. सम्राट अशोकाच्या ज्या लेखमालेचा एक तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आपल्या सोपाऱ्यात सापडला, त्या लेखमालेत मात्र ‘पासंड’ म्हणजे केवळ पंथ. अशोकापूर्वीच्या अशाच एका पंथाचा आचार्य म्हणजे बुद्धाचा समकालीन संजय बेलट्ठपुत्त. सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे बुद्धाचे पट्टशिष्य प्रथम याचेच शिष्य होते.

परलोक आहे काय, असे विचारले असता संजय ‘आहे’ म्हणत नसे, ‘नाही’ म्हणत नसे आणि ‘नाही असे नाही’ हेही नाकारी. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात राजा अजातशत्रू त्याला मूर्खांत काढतो. अशा उत्तरांना पाली परंपरेने ‘अमराविक्खेप’ हे नाव दिले. ‘अमरा’ हा एक निसटता मासा. वसईच्या किनाऱ्यावर वाम हाताळलेल्यांना ही उपमा वेगळी समजावून सांगायला नको.

परंतु ही साक्ष प्रतिपक्षाची आहे, आणि तिच्यातील वाक्यरचना संजयाच्या बाजूने बोलते. त्याचे उत्तर संकेतार्थी आहे : तसे वाटले असते, तर तसे सांगितले असते. ‘पाऊस पडला असता, तर पीक आले असते’ यातून पाऊस पडला नाही, हे कळते. त्याचप्रमाणे संजयाच्या उत्तरातून त्याला ‘तसे वाटत नाही’ एवढेच कळते. परलोक नाही, हे कळत नाही. नकार ‘वाटणे’ या क्रियेला आहे, परलोकाला नव्हे. मराठीत हा भेद सहज पुसला जातो. ‘तो येईल असे वाटत नाही’ या वाक्याचा अर्थ आपण बहुधा ‘तो येणार नाही असे वाटते’ असाच घेतो. संजयाला नास्तिक किंवा मंदबुद्धी ठरविणारा वाचक नेमका येथेच घसरतो. माझ्या मते त्याचे उत्तर टाळाटाळीचे नसून काटेकोर आहे.

ग्रीसमध्ये प्लेटोच्या अकादमीचे प्रमुखपद पुढे अशाच संशयवाद्यांकडे आले. त्यांपैकी मूळचा कार्थेजचा क्लिटोमॅकस फारसा कोणाला ठाऊक नाही. कार्नीॲडीझचा हा शिष्य इ.स.पू. १२७ च्या सुमारास प्रमुख झाला. आपल्या गुरूला कोणते मत मान्य होते हे आपल्याला कधीच कळले नाही, असे तो सांगे. तरीही त्याने चारशेहून अधिक ग्रंथ लिहिले म्हणतात! त्यांतील एकही उरला नाही; त्याचे विचार आपल्याला मुख्यतः सिसेरोच्या लेखनातून कळतात. संजयाला असा सिसेरो लाभला नाही. त्याचे दोन शिष्य बुद्धाकडे गेले तेव्हा त्यांच्याबरोबर २५० परिव्राजकही गेले, असे विनयपिटक सांगते. मागे कोण उरले, त्याची नोंद नाही.