थनौदची माती, बँकॉकच्या दूर्वा

भिलाईच्या पोलाद कारखान्यात १७ सप्टेंबरला विश्वकर्म्याची पूजा असते. झोतभट्टी अशी मधेच विझवता येत नाही, ती रात्रंदिवस पेटतीच ठेवावी लागते. पण वर्कशॉपमध्ये, गॅरेजमध्ये, गावातल्या छोट्या लेथच्या दुकानांत त्या दिवशी अवजारं खाली ठेवतात. पाने, हातोड्या, ड्रिल पुसून ओळीने मांडायचे, त्यांच्यावर हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. तारीख बहुतेक दरवर्षी तीच येते, कारण ही पूजा तिथीवर नाही, सूर्याच्या कन्या संक्रमणावर बेतलेली आहे. महाराष्ट्रातून इथे येणाऱ्याला हे जरा वेगळं वाटतं. आपल्याकडे अवजारांची पूजा खंडेनवमीला होते आणि सुतार-पांचाळांची विश्वकर्मा जयंती माघ शुद्ध त्रयोदशीला.

पूजेआधी काय काय करावं लागतं ते नीट पाहण्यासारखं आहे. पानं-फुलं वाहायची तर अवजारावरचं जुनं ग्रीस काढावं लागतं. ते काढताना पान्याचा झिजलेला जबडा दिसतो, हातोडीचा सैल झालेला दांडा हाताला लागतो. जे हरवलं आहे त्याची जागा रिकामी दिसते. नवशिक्या पोराच्या हाती त्या दिवशी दुकानातली सगळी अवजारं येऊन जातात. मला वाटतं, कारागिरीच्या शिक्षणात भक्तीचं खरं काम इथे आहे. हाताला वळण लावण्याची ती एक पद्धत आहे, आणि पद्धत म्हणूनच ती समजून घ्यायला हवी.

ही पद्धत मातीत कशी चालते, ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. दुर्ग जिल्ह्यातच, शिवनाथ नदीच्या बाजूला थनौद हे मूर्तिकारांचं गाव आहे. गणपती आणि दुर्गेच्या मोठाल्या मूर्ती इथे घडतात आणि भिलाई-दुर्गच्या मंडपांपासून शेजारच्या राज्यांपर्यंत जातात. आपल्याकडे पेणची घरगुती मूर्ती शाडूची, साच्यातून निघालेली. मंडपातली ही मोठी मूर्ती साच्यातून काढता येत नाही, ती आतून बाहेर बांधत आणावी लागते.

आधी लाकडी पाटावर बांबूचा सांगाडा उभा राहतो. त्यावर भाताचा पेंढा, ज्याला इथे पैरा म्हणतात, मुठीमुठीने धरून सुतळीने आवळतात. पोट, मांड्या, दंड, सोंडेचं वळण हे सगळं आधी पेंढ्यातच ठरतं. पेंढा सैल राहिला तर वरची माती पुढे कितीही चांगली लावा, मूर्ती बसकी होते. पेंढ्याने वजन कमी राहतं, शिवाय मातीला धरायला खरखरीत पृष्ठभाग मिळतो.

मग माती. ती भिजवतात, खडे वेचतात, पायांनी तुडवतात आणि पहिल्या थरासाठी तिच्यात भाताचं तूस मिसळतात. ओली माती वाळताना आक्रसते आणि नुसती माती असेल तर आरपार भेगाळते. तुसामुळे तो ताण वाटला जातो, भेगा बारीक राहतात. तरी पडतातच, आणि त्या पडू द्याव्या लागतात. पहिला थर पुरता वाळण्याआधी घाईने दुसरा चढवला, तर भेग आत दबून राहते आणि नेमकी रंगकाम झाल्यावर वर येते. पावसाळ्यातली दमट हवा हा म्हणूनच मूर्तिकाराचा मोठा घोर. वाळलेल्या भेगांवर, सांध्यांवर जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या पातळ मातीत बुडवून चिकटवतात. त्यावर गाळलेल्या बारीक मातीचा शेवटचा थर देऊन ओल्या हाताने घोटतात.

हाताची बोटं वेगळी घडवतात. तळव्यावर एकेक बोट ठेवून, सांध्यापाशी किंचित दाबून, अंगठ्याचा उंचवटा वर आणायचा. अभयमुद्रेतल्या हाताची बोटं नुसती सरळ ठेवली तर हात फळीसारखा दिसतो. टोकाशी ती अगदी थोडी मागे झुकली की त्यात आश्वासन येतं. पुस्तकातून हे उमगणं कठीण. मूल वडिलांच्या शेजारी बसून माती तुडवतं, मग सुतळी आवळतं, पुढे बोटं करतं. चेहरा त्याच्या वाट्याला फार उशिरा येतो.

शेवटी पांढऱ्या रंगाचा एक हात, त्यावर बाकीचे रंग, आणि सगळ्यांच्या नंतर डोळे. डोळे उघडले की मूर्ती देव झाली, हा त्यामागचा भाव आहे. कारागिराच्या बाजूनेही तोच क्रम बरोबर ठरतो. डोळ्याची रेघ सर्वांत बारीक. तिच्यावर दुसऱ्या रंगाचा शिंतोडा किंवा धूळ चालत नाही, आणि नजरेचा कोन मूर्ती पूर्ण उभी राहिल्यावरच ठरवता येतो. श्रद्धेचा नियम आणि हातकामाचा नियम इथे एकच आहे. तो श्रद्धेच्या रूपात सांगितला म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मोडला गेला नाही.

कलाशिक्षणाने ही गोष्ट उघडपणे आपलीशी केल्याचं उदाहरण पाहायचं तर थायलंडकडे वळावं लागतं. बँकॉकचं सिल्पाकॉन विद्यापीठ १९४३ साली स्थापन झालं आणि त्याचं बोधचिन्ह गणपती आहे. संस्थापक मात्र इटलीचा. कोर्रादो फेरोची हा फ्लॉरेन्सचा शिल्पकार १९२३ मध्ये राजदरबाराच्या नोकरीत आला, १९४४ मध्ये थाई नागरिक झाला आणि सिल्पा भीरासी या नावाने ओळखला जाऊ लागला. युरोपातलं शरीरशास्त्र, मॉडेलवरून रेखाटन हे सगळं त्याने शिकवलं, पण जुन्या थाई कारागिरीचा अभ्यासही सोडला नाही. त्याचा जन्मदिवस १५ सप्टेंबरला विद्यापीठात आजही साजरा होतो. भिलाईतल्या विश्वकर्मा पूजेच्या दोनच दिवस आधी.

थाई शाळा-महाविद्यालयांत वर्षाच्या सुरुवातीला, बहुधा गुरुवारी, वाय ख्रू म्हणजे गुरुवंदनेचा विधी होतो. विद्यार्थी गुरूपुढे गुडघ्यांवर बसून तबक ठेवतात. त्यात इक्झोराची टोकदार फुलं असतात, तीक्ष्ण बुद्धीसाठी. वांग्याचं फूल खाली झुकतं, म्हणून ते नम्रतेसाठी. लाह्या शिस्तीसाठी. आणि एक गवत, तुडवलं तरी पुन्हा फुटणारं. ते गवत म्हणजे आपल्या दूर्वा. प्राणप्रतिष्ठेच्या वेळी आपण ज्या दूर्वेने मूर्तीच्या डोळ्यांना तूप लावतो, तीच वनस्पती तिथे चिकाटीची खूण म्हणून गुरूपुढे जाते. संगीताच्या विधीत गुरू शिष्याचा हात धरून त्याच्याकडून पहिले स्वर वाजवून घेतो. नृत्यनाट्याच्या विधीत शिष्याच्या डोक्यावर ऋषीचा मुखवटा क्षणभर ठेवतात, आणि हा ऋषी म्हणजे भरतमुनी अशी धारणा आहे. तंत्रविद्यालयांच्या आवारात विश्वकर्म्याचे पुतळे दिसतात, त्याच्या हातात ओळंबा. भिलाईतला कोणताही गवंडी त्याला लगेच ओळखेल.

भारतात मात्र विद्यापीठातलं कलाशिक्षण आणि पिढीजात कारागिरी हे दोन प्रवाह शेजारी वाहतात, पण क्वचितच मिसळतात. भिलाईपासून काही तासांच्या आत खैरागढ आहे. तिथल्या राजघराण्याने दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ राजवाडा दिला आणि १९५६ मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभं राहिलं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांसारखा मुंबईचा संगीतज्ञ त्याचा कुलगुरू होता. शिल्पकला तिथे आज रीतसर शिकवली जाते. एकीकडे पदवी, दुसरीकडे थनौदचं घर. एकाकडे शरीरशास्त्र आणि इतिहास, दुसऱ्याकडे पेंढा आवळणारी बोटं. थनौदच्या म्हाताऱ्या मूर्तिकाराला पदवीच्या वर्गात पाहुणा म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून, मानधन देऊन बसवायला हवं. सुतळी कुठे घट्ट आणि कुठे सैल, याचे गुण त्याने द्यावेत.

भिलाई-दुर्गच्या शाळांनी आणि इथल्या मराठी घरांनी मुलांना थनौदला एकदा तरी न्यावं. फक्त आषाढ-श्रावणात जा. भाद्रपद लागेपर्यंत बहुतेक गणेशमूर्तींवर रंग चढलेला असतो, आणि मग पेंढा, सुतळी, कापडाच्या पट्ट्या यांतलं काहीच दिसत नाही.