शेवटच्या बाकावरून व्हर्नियर

व्हर्नियर कॅलिपर वाचायला शिकवताना पहिल्या बाकावरच्यांना रेघा दिसतात, मागचे केवळ विश्वास ठेवतात. ओव्हरहेड प्रोजेक्टर इथे निरुपयोगी. त्यात प्रकाश पारदर्शिकेतून आरपार जातो. अपारदर्शक वस्तूची नुसती सावली पडते. डॉक्युमेंट कॅमेरा मात्र वस्तूवरून परावर्तित झालेला प्रकाश टिपतो.

तरी कॅलिपर त्याखाली ठेवला की झाले, असे नाही. समजा, चित्राच्या रुंदीत १९२० पिक्सेल आहेत. २९७ मिलिमीटर लांबीचा ए-४ कागद त्यात आडवा बसवला, तर एका मिलिमीटरच्या वाट्याला जेमतेम साडेसहा पिक्सेल येतात. आपल्या व्हर्नियरचे लघुतम माप ०.१ मिलिमीटर, म्हणजे एक पिक्सेलसुद्धा नाही! मग कोणती रेघ जुळली ते कळणार कसे? भिंगाच्या झूमने ४८ मिलिमीटरचाच भाग पडदाभर घेतला, तर त्याच ०.१ मिलिमीटरला ४ पिक्सेल मिळतात. डिजिटल झूमचा उपयोग नाही. तो आहेत तेच पिक्सेल फुगवतो.

जुळणारी रेघ भिंगाच्या बरोबर खाली आणावी. तिरपे पाहिल्यास वाचन चुकते. चकचकीत स्टीलवर दिवा बाजूने, खालच्या कोनातून टाकावा, म्हणजे परावर्तित झोत कॅमेऱ्यात शिरत नाही. हे सारे स्टँडवर आडव्या बसवलेल्या, प्रोजेक्टरला जोडलेल्या मोबाइलनेही जमते. वाचन आधी शेवटच्या बाकाला विचारावे.